पैची चूक आणि अजानाची मुळी

आपल्या दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली. जुने मुक्काम, अन्नदाते, विणेकरी यांच्या आठवणी या स्मरणिकेत जाणत्या मंडळींनी लिहिल्या आहेतच. मला मात्र विश्वस्तांनी सांगितले, "गुरुजी, तुम्ही शिक्षणावर लिहा." सारी हयात प्राथमिक शाळेत खडू धरण्यात गेली, म्हणून सांगितले असेल. पण सुरुवात शाळेपासून करत नाही, स्वतःच्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फलटणचा मुक्काम होता. हरिपाठ झाला, पंगत उठली, राहुटीत पथाऱ्या पडल्या. आजीबरोबर वारीला आलेली नववीतली एक पोर माझ्याजवळ येऊन बसली. मी चारसहा मुलांना गोरोबाकाकांची कथा सांगत होतो. तेरला गोरोबांच्या घरी संतांचा मेळा जमला. मुक्ताबाईंनी विचारले, "काका, यातली पक्की मडकी कोणती अन् कच्ची कोणती, सांगा बरं." काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत निघाले. सगळे शांत राहिले. नामदेवराय तेवढे चिडले, ओरडले. काका म्हणाले, हे मडके अजून कच्चे.

पोर म्हणाली, "गुरुजी, डोक्यात थापटणं हाणलं तर कुणीबी ओरडणारच की! त्यात कच्चं काय? आणि हे खरंच घडलं होतं का?"

मी दमलेलो. पायाला फोड आलेले. म्हटले, "संतांच्या गोष्टीत शंका काढू नये, पोरी."

ती गप्प झाली. पुढे पंढरपूरपर्यंत तिने मला एक शब्द विचारला नाही. वाखरीला तिची आजी सहज बोलून गेली, "लई इचारायची बघा. आता गप झालीया." आजी समाधानाने बोलली, पण मला ते लागले. तीसपस्तीस वर्षे वर्गात 'विचारा, विचारा' म्हणणारा मी, वारीत आल्यावर एका पोरीचे तोंड बंद केले. आणि तेही कोणाच्या नावाने? संतांच्या! त्यांनी असे कधी केले होते का, हे मी घरी आल्यावर पोथ्यापुस्तकांतून धुंडाळू लागलो. त्यातून जे हाती लागले ते आज मांडतो.

आधी एकनाथमहाराज. नाथ लहानपणीच देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी गडावर अधिकारी, मोठ्या जमाखर्चाचा कारभार. नाथांच्या हाती हिशेब आला. एका रात्री हिशेबात एका पैचा फरक निघाला. एका पैसाठी कोण जागेल? पण नाथ दिवा लावून बसले, पहाटेपर्यंत वह्या चाळल्या आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग या संसारातली मोठी चूक सापडेल तेव्हा केवढा होईल!

ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. बहुतेक वेळा तिचे तात्पर्य 'गुरुसेवा' असे सांगतात. ते आहेच. पण कथा नीट ऐका. स्वामींनी हिशेब टाकून दे, भजन कर, असे म्हटले नाही. ज्या डोळ्याने वहीतली चूक शोधलीस तोच डोळा आता आत वळव, असे म्हटले. चूक शोधायची सवय आणि स्वतःला ओळखायची ओढ ही एकाच वृत्तीची दोन टोके आहेत, असे आपली परंपरा सांगते. शाळेत याला आज चिकित्सक विचार म्हणतात. आपल्याकडे त्याला विवेक हा शब्द फार जुना आहे.

आता दुसरी कथा. नाथांच्या स्वप्नात ज्ञानेश्वरमहाराज आले. म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. नाथ आळंदीला गेले, समाधीस्थान शोधले, मुळी दूर केली. आणि त्यानंतर ज्ञानेश्वरी शुद्ध करण्याचे काम हाती घेतले.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबायला हवे. स्वप्नाची कथा ही कथा आहे. नाथांच्या नावावरच्या अभंगात ती येते, पुढे ताहराबादच्या महिपतीबुवांनी अठराव्या शतकात संतचरित्रे लिहून अशा कथा घरोघरी पोचवल्या. पण ज्ञानेश्वरीची शुद्धी ही नुसती कथा नाही. ग्रंथाच्या शेवटी खुद्द नाथांच्या ओव्या आहेत आणि त्यांत शके 1506, म्हणजे इसवी सन 1584, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे 1290 ला नेवाशात पुरी झाली. मधे जवळपास तीनशे वर्षे गेली. छापखाना नव्हता. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने वाचताना चुकून किंवा भक्तीच्या भरात चार शब्द घातले. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण पाठ बदलत गेल्याने तो बिघडला, असे नाथ स्पष्ट सांगतात. आणि शेवटी बजावतात की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे.

विचार करा. ज्या ग्रंथाला आपण माउली म्हणतो, त्याच्या प्रतींत चुका शिरल्या आहेत, हे बोलायला कोण धजावेल? कोणी म्हणाले असते, पवित्र ग्रंथात शंका काढू नये. नाथांनी शंका काढली. वही तपासणाऱ्या त्या मुलाने मोठेपणी ज्ञानेश्वरी तपासली. आपली श्रद्धा खोल होती म्हणूनच त्यांनी प्रत खरी आहे की नाही ते पाहिले. ज्याचे प्रेम वरवरचे, त्याला कुठलीही प्रत चालते.

आता मुळीची कथा पुन्हा वाचा. माउलींच्या कंठाला मुळी लागली म्हणजे काय? कंठातून वाणी येते. तीनशे वर्षांत त्या वाणीभोवती परक्या शब्दांच्या मुळ्या वाढल्या. मला तरी कथेचा हा अर्थ लागतो. मग स्वप्न खरेच पडले का, हा प्रश्न चुकीचा ठरत नाही, विचारावाच. पण तो एकटाच प्रश्न नाही हे कळते. 'हे घडले का?' हा एक प्रश्न, त्याला पुरावा लागतो. 'हे माझ्याबद्दल काय सांगते?' हा दुसरा प्रश्न, त्याला स्वतःकडे बघावे लागते. पुराणकथा शिकवताना पहिला प्रश्न दाबला तर पोरे भोळी होतात, दुसरा विसरला तर पोरे कोरडी होतात. दोन्ही विचारायला शिकवले तर शिक्षण होते.

ही रीत आपल्याकडे पुढेही चालली. 1917 साली विष्णुबुवा जोगमहाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. त्याआधी कीर्तन शिकायचे तर एखाद्या महाराजांच्या मागे वर्षानुवर्षे राहावे लागे. आता शेतकऱ्याचा पोरही आळंदीत राहून, माधुकरी मागून, चार वर्षे ज्ञानेश्वरी, गाथा, गीता शिकू लागला. त्याच संस्थेच्या वाढीत ज्यांचा मोठा वाटा, ते सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते शिकवणारा हा माणूस खांद्यावर पताका घेऊन वारी चालायचा. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही.

आपल्या कीर्तनकारांच्या अभ्यासात 'विचारसागर' हा निश्चलदासांचा ग्रंथ असतो. त्यात तीन शिष्य भाऊ आहेत : तत्त्वदृष्टी, अदृष्टी आणि तर्कदृष्टी. पहिल्याला चटकन कळते. तर्कदृष्टी हा कनिष्ठ अधिकारी, सारख्या शंका काढतो. पण गुरू त्याला हाकलत नाहीत, त्याच्या शंकांची सविस्तर उत्तरे देतात. हे वाचल्यावर मला फलटणची राहुटी आठवली आणि मान खाली गेली.

आता त्या पोरीचे उत्तर.

पोरी, तू विचारलेस ते बरोबर होते. मार लागला तर माणूस ओरडणारच. पण नामदेवरायांना दुखले ते डोके नव्हते. पंढरीचा देव ज्यांच्याशी बोलतो त्या मला थापटणे? हे त्यांना दुखले. तक्रार घेऊन ते विठ्ठलाकडे गेले, तर कथेत देवानेही त्यांची बाजू घेतली नाही. त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. गुरूने उत्तर पाठ करून घेतले नाही, नामदेवांच्या हातांनीच शोधायला लावले.

हे जसेच्या तसे घडले का, याचा कागद आपल्याजवळ नाही. पण एक गोष्ट पक्की आहे : आपल्या संप्रदायाने आपल्या सर्वांत लाडक्या संताचा कच्चेपणा लपवला नाही. साडेसहाशे वर्षे आपण तो दिंडीदिंडीतून सांगत आलो. ज्यांना स्वतःची चूक उघड सांगता येते, त्यांना प्रश्नांची भीती कशाला?

शताब्दीनिमित्त मंडळींनी नव्या राहुट्या, पाण्याचा टँकर, औषधांची पेटी यांची यादी केली आहे. त्यात माझी एक बिनखर्चाची मागणी आहे. मुक्कामी कीर्तन उरकले की अर्धा तास मुलांचा ठेवावा. कथा कुणी मोठ्याने सांगावी, प्रश्न मुलांनी विचारावे. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही, उद्या बघून सांगतो' असे म्हणावे. 'शंका काढू नये' असे मात्र कुणी म्हणू नये. पहिला पहारा मी करतो. थापटणे माझ्यापासून सुरू झाले तरी हरकत नाही. मडके कच्चे निघेल, हे मला फलटणलाच कळले आहे.

राम कृष्ण हरी.