रहीमसाहेबांच्या शेजारी

जरा सरकून बसा. बाकावर तुमच्या शेजारी सय्यद अब्दुल रहीम आहेत: हैदराबादचे शाळामास्तर, हैदराबाद सिटी पोलीस संघाचे गुरू आणि भारताचे फुटबॉल प्रशिक्षक. साल १९५२, गाव हेलसिंकी, ऑलिंपिक. गेल्याच वर्षी दिल्लीत इराणला हरवून यांच्या संघाने एशियाडचं सुवर्ण जिंकलंय. आज समोर युगोस्लाव्हिया आहे आणि आपली बरीच पोरं अनवाणी खेळतायत. थंडीने पाय आखडलेत. निकाल १०-१. यानंतर बूट सक्तीचे होतील.

आता हैदराबादला चला. मुलांची स्पर्धा रंगलीय, पण नियम अजब आहे: चेंडू फक्त कमजोर पायाने मारायचा. बघे हसतायत, पोरं धडपडतायत. हा रहीमसाहेबांचाच खटाटोप. खेळाडूत जे कमी आहे, त्यावरच ते मेहनत घेतात.

१९५६, मेलबर्न. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या टाटा संघाचा गोवेकर गडी नेव्हिल डिसूझा एकामागून एक तीन गोल ठोकतो. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत ४-२ ने जिंकतो आणि शेवटी चौथा येतो.

४ सप्टेंबर १९६२, जकार्ता, एशियाडचा अंतिम सामना. कान झाका. सेनायान स्टेडियमवर लाखभर लोक भारताची हुर्यो उडवतायत. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवलं, त्यावर भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला. तो राग अकरा खेळाडूंवर निघतोय. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी गटात आपल्याला २-० ने हरवलंय. गोलरक्षक थंगराज तापातून उठून आलाय. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके आहेत. दुसऱ्या कुणी त्याला बसवलं असतं. रहीमसाहेबांनी आघाडीला धाडलंय. १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी गोल करतो, २० व्या मिनिटाला जर्नेल. कोरियाचा गोल होतो, पण पार शेवटाकडे. २-१. सुवर्ण!

शेजारच्या माणसाला फुप्फुसाचा कर्करोग आहे. हे त्याचं शेवटचं एशियाड.

हवे तसे खेळाडू मिळाले तर संघ कुणीही बांधेल. आहेत त्यांतून जिंकणारा संघ उभा करणं, ही रहीमसाहेबांची विद्या. ११ जून १९६३ रोजी ते गेले. एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर मिळालेलं नाही.