मृत्युपत्र (इच्छापत्र)
आपल्या पश्चात मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी यासंबंधी मनुष्य हयातीत जो लेख करून ठेवतो त्यास मृत्युपत्र म्हणतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 अन्वये त्यावर कर्त्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि उपनिबंधकासमोर दस्त नोंदविणे आमच्या मते श्रेयस्कर.

परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावी, जेथे कुटुंबाचा सारा जीव काळ्या जमिनीत गुंतलेला असतो, तेथे सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव राहिलेले आणि नातवंडे वाटणीसाठी कज्जे लढत असलेली दिसावीत, याहून क्लेशकारक काही नाही. म्हणून प्रत्येक शेताचा गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा लेखात स्पष्ट लिहाव्यात. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांनी तलाठ्याकडे मृत्युपत्र सादर केल्यावर फेरफार नोंदला जातो, हितसंबंधितांस नोटिसा निघतात आणि हरकतींचा निकाल झाल्यावरच नोंद प्रमाणित होते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत कर्त्यास केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या 2005 च्या दुरुस्तीपासून त्या मिळकतीत कन्याही जन्मतः सहदायाद आहे, हे अनेक घरांत अद्याप विसरले जाते.

हिंदूचे मृत्युपत्र विवाहाने आपोआप रद्द होत नाही. त्यामुळे विवाह, अपत्यजन्म, शेताची विक्री किंवा लाभार्थ्याचा मृत्यू घडताच पुरवणीपत्र वा नवा लेख करावा, आणि नवा लेख केल्यास पूर्वीचे सर्व लेख रद्द केल्याचे त्यात तारखेसह नमूद करावे.