जिंकतं कॉलेज, पुढे जातं विद्यापीठ

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना संपला, की दोन गोष्टी होतात. विजेत्या संघाला चषक मिळतो आणि निवड समितीच्या वहीतली नावं पक्की होऊ लागतात. असे सामने मी बरेच पाहिले आहेत. टाळ्या चषकासाठी वाजतात, पण खेळाडूंचं लक्ष त्या वहीकडे असतं. कारण चषक जिंकलेलं महाविद्यालय तिथून पुढे कुठेच जात नाही. पुढे जातो विद्यापीठाचा संघ. त्यात पहिल्याच फेरीत हरलेल्या कॉलेजचा चढाईपटूही असू शकतो.

ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही वेगळं आहे असं वाटत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलकडे पाहिलं की फरक कळतो. तिथला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 1859 साली झाला. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजने विल्यम्स कॉलेजला 73-32 असं हरवलं. पुढे शेजारपाजारच्या कॉलेजांचे आणि विद्यापीठांचे गट झाले. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. हंगामाच्या शेवटी कॉन्फरन्सची अजिंक्यपद स्पर्धा होते आणि तिचा विजेता आपल्याच नावाने, आपल्याच गणवेशात राष्ट्रीय स्पर्धेत उतरतो. 1999 पासून त्या स्पर्धेत 64 संघ असतात. शेवटचे आठ ओमाहा शहरात खेळतात. एखाद्या लहान गावचं कॉलेज कॉन्फरन्स जिंकलं, तर अख्खं गाव त्याच्यामागे तिथवर जाऊ शकतं.

आपल्याकडे असं का झालं नाही? याचं उत्तर मैदानावर सापडत नाही, परीक्षेच्या व्यवस्थेत सापडतं. 1857 साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं. महाविद्यालयांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी ती वाटणी होती. पदवीवर नाव विद्यापीठाचं, तसं गणवेशावरही विद्यापीठाचंच आलं. 1935-36 साली क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा सुरू झाली, तीही विद्यापीठांच्या संघांसाठी. आज भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत कबड्डी, खो-खोपासून बेसबॉलपर्यंत सगळीकडे हाच नियम आहे. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा 2020 साली भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्यांतही एकक विद्यापीठच राहिलं.

म्हणूनच मराठवाड्यात विद्यापीठाच्या हद्दीचा इतिहास हा खेळाडूच्या संधीचाही इतिहास आहे. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, तेव्हा इथलं विद्यापीठ हैदराबादचं उस्मानिया होतं. 1958 साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. लातूरचं दयानंद महाविद्यालय 1961 मधलं, नांदेडचं यशवंत 1963 मधलं, लातूरचं राजर्षी शाहू 1970 मधलं. कॉलेजं वाढत गेली, पण सगळ्या मराठवाड्याचा विद्यापीठ संघ एकच राहिला. मुखेडचा असो की पैठणचा, त्याच बारा जागांसाठी भांडायचं. शिवाय विद्यापीठाचं मुख्यालय नांदेड-लातूरपासून अडीचशे किलोमीटरच्या पुढे.

17 सप्टेंबर 1994 रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हे त्याचे जिल्हे. या विद्यापीठाबद्दल लिहिताना अभ्यासक्रम, निकाल, प्रादेशिक अस्मिता यांची चर्चा होते. मला त्यात एक साधा हिशेब जोडावासा वाटतो. त्या दिवशी मराठवाड्यातल्या कबड्डीच्या बारा जागांच्या चोवीस झाल्या. प्रत्येक खेळात असंच झालं, मुलींच्या संघांतही. उदगीर, अहमदपूर, किनवट, देगलूरच्या कितीतरी मुलामुलींना विद्यापीठाचा ‘कलर’ आवाक्यात आला तो या हिशेबामुळे. शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असलेल्या राज्यात मैदानावरचं प्रत्येक प्रमाणपत्र घरात जपून ठेवलं जातं. कोरडवाहू शेती असलेल्या घरात तर जास्तच.

तेव्हा आपली रीत वाईट म्हणता येत नाही. अमेरिकेच्या नियमात हरलेल्या संघातला गुणी खेळाडू घरी जातो, आपल्याकडे तो निवडला जाऊ शकतो. ज्या कॉलेजकडे धड मैदान नाही, तिथली एखादी मुलगीही पश्चिम विभागाच्या स्पर्धेला पोचते.

पण याची किंमत संघाला मोजावी लागते. वर्षभर एकत्र घाम गाळलेले बारा जण जिंकतात आणि त्याच दिवशी त्यांचा संघ संपतो. त्यातले दोघे-तिघे विद्यापीठाच्या सराव शिबिरात जातात, उरलेले वर्गात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्ती मारणाऱ्या मल्लाबरोबर त्याच्या गावाचं नाव फडात पुकारलं जातं. आमच्या अजिंक्य कॉलेजचं नाव जिल्ह्याबाहेर कुणी घेत नाही. कॉलेजांतल्या फळ्यांवर ‘कलर होल्डर’ खेळाडूंची नावं रंगवलेली दिसतात, जिंकलेले संघ क्वचितच. संघ पुढे जाणारच नसेल, तर संस्थेने मैदान, प्रशिक्षक आणि खुराक यांवर पैसे कशासाठी घालावेत, हा प्रश्न विचारणारा प्राचार्य अव्यवहारी नसतो.

यावर उपाय आहे, आणि त्यासाठी आजची निवड मोडावी लागत नाही. विद्यापीठाचा संघ आज जातो तसा जावाच. त्याशिवाय राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाच्या विजेत्या महाविद्यालयांची एक स्पर्धा भरावी. नांदेड विद्यापीठाचं अजिंक्य कॉलेज कोल्हापूरच्या, अमरावतीच्या, जळगावच्या अजिंक्य कॉलेजशी आपल्या नावाने खेळेल. मग अंतिम सामन्यानंतर टाळ्या वाजवणाऱ्यांनाही पुढच्या सामन्याची तारीख विचारता येईल.