कपाटातली मुलं

झुरिकमधल्या आमच्या इमारतीत राहायला आलो तेव्हा भाडेकरारासोबत चार पानी घरनियम हातात पडले. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. दुपारी बारा ते एक शांतता. रविवारी दिवसभर शांतता. त्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यातही टाकायच्या नाहीत.

आता हे सगळं चार वर्षांच्या मुलीला कोण समजावणार? आमची लेक चालत नाही, पळते. त्यात घराला लाकडी जमीन. पहिल्याच आठवड्यात मी डबाभर शंकरपाळे घेऊन खालच्या मजल्यावर माफी मागायला गेले. दार उघडलं ते साठी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या इटालियन बाईंनी. माझं मोडकं जर्मन त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पळू दे तिला. मला तिचे पाय ऐकायला आवडतात."

मला वाटलं, सौजन्य म्हणून म्हणाल्या. पण पुढच्या दोन वर्षांत त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. लेक त्यांना 'नोन्ना' म्हणू लागली, म्हणजे इटालियनमध्ये आजी. मीही तेच म्हणू लागले.

इथली बालवाडीतली मुलं गळ्यात चमकणारा पट्टा घालून एकटी चालत शाळेत जातात, आणि दुपारी जेवायला घरी येतात. दुपारी घरी कुणीतरी असणार, आणि ते कुणीतरी म्हणजे आई असणार, हे गृहीत धरूनच ही जुनी घडी बसवलेली आहे. पुण्यात पूर्णवेळ नोकरी करणारी मी इथे घड्याळात पावणेबारा वाजले की वरणाला फोडणी घालू लागले. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आम्ही सगळ्याजणी स्वतःला 'एक्स्पॅट मॉम' म्हणवतो. शब्द ऐकायला छान आहे. त्यात विमानाचं तिकीट कंपनीनं काढलेलं असतं.

तळघरातल्या धुण्याच्या खोलीत प्रत्येक घराला वार ठरवून दिलेला असतो. आमचा गुरुवार, नोन्नांचाही गुरुवार, मी सकाळी आणि त्या दुपारी. एका गुरुवारी चादरींच्या घड्या घालताना मी त्यांना एक गोष्ट सांगून टाकली, जी मी ग्रुपवर कुणालाच सांगितलेली नाही. आम्ही इथे आलो तेव्हा लेक दोन वर्षांची होती आणि आम्ही तिला सात महिने केजला माझ्या आईकडे ठेवलं होतं.

नोन्नांच्या हातातली चादर तशीच राहिली. त्यांनी विचारलं, "कायद्यामुळे?"

मी म्हटलं, "नाही. घर मिळत नव्हतं. वाटलं, आधी बस्तान बसवू."

"म्हणजे तुम्ही तिला आणू शकला असता."

"हो."

त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी मात्र आपण होऊन बोलल्या.

त्यांचे वडील गवंडी, हंगामी परवान्यावर. आई कापडगिरणीत, वर्षाच्या परवान्यावर. आणि पाच वर्षांची ही मुलगी कुठल्याच परवान्यावर नव्हती. आईवडील सकाळी कामाला गेले की बाहेरून कुलूप. बूट घालायचे नाहीत. खिडकीपाशी जायचं नाही. संडासची साखळी ओढायची नाही. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं तर कपाटात शिरायचं. दुपारी बारा ते एक गिरणीला जेवणाची सुट्टी असायची. आई सायकलवरून घरी यायची, आणि तेवढा एक तास मुलगी बोलू शकायची, पाणी सोडू शकायची. सगळी इमारत जेव्हा शांत असायची तेव्हाच तिचा आवाज सुरू व्हायचा, पण तो आईच्या आवाजात मिसळून.

"पावलावरून माणूस ओळखायला मी तेव्हाच शिकले," त्या म्हणाल्या. "तुझी मुलगी डाव्या पायावर जोर देते."

त्या रात्री मी वाचायला बसले.

स्वित्झर्लंडमध्ये परकीयांच्या वास्तव्याचा कायदा १९३१ साली झाला आणि १९३४ मध्ये लागू झाला. त्यात 'हंगामी कामगार' हा एक वर्ग होता. महायुद्धात शेजारचे देश उद्ध्वस्त झाले, पण स्वित्झर्लंडचे कारखाने शाबूत राहिले. हातांची कमतरता पडली तेव्हा १९४८ मध्ये इटलीशी कामगार आणण्याचा करार झाला. हंगामी परवाना वर्षाला जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. उरलेले तीन महिने देशाबाहेर काढायचे आणि पुढच्या हंगामात नव्याने यायचं. मधेच मालक बदलता येत नसे. राहायचं बहुतेकदा बांधकामाजवळच्या लाकडी बराकींत. ब्रिग आणि कियास्सो या सीमेवरच्या स्थानकांवर गाडीतून उतरवून, कमरेपर्यंत उघडं करून, रांगेत आरोग्यतपासणी व्हायची. आणि कुटुंब आणायला मनाई.

वर्षाचा परवाना मिळालेल्यांनाही मुलं लगेच आणता येत नसत. आधी ठरलेला काळ थांबायचं, मग अधिकाऱ्यांना पुरेसं वाटेल असं घर दाखवायचं. अशी घरं परक्यांना कुणी सहज देत नसे.

यामागचं गणित सरळ होतं. माणूस फिरता ठेवला की तो रुजत नाही. काम असेल तेव्हा बोलवा, मंदी आली की परवाना देऊ नका. मूल आलं की शाळा लागते, डॉक्टर लागतो, मोठं घर लागतं, मग ते मूल इथली बोली बोलायला लागतं आणि परत जायचं नाव काढत नाही. म्हणून मूल नको. अशा कामगारांना तेव्हा इथे जो शब्द होता त्याचा अर्थ 'परका कामगार'. त्यांना 'एक्स्पॅट' कुणी म्हटलं नाही.

अशी लपवलेली मुलं किती होती? अंदाज हजारांच्या पटीत आहेत, पण नेमका आकडा मिळणं अवघड आहे, आणि त्याचं कारण उघड आहे. ज्यांची नोंद होऊ नये म्हणूनच आईबाप जिवाचं रान करत होते, ती दप्तरात कशी सापडणार? जर्मनमध्ये त्यांना नाव पडलं 'कपाटातली मुलं'.

७ जून १९७० रोजी इथे एक सार्वमत झालं. जेम्स श्वार्त्सनबाख या खासदाराचा प्रस्ताव होता की परकीयांचं प्रमाण प्रत्येक कँटनमध्ये दहा टक्क्यांवर आणावं. फक्त जिनिव्हाला सवलत. प्रस्ताव मंजूर झाला असता तर तीन लाखांहून जास्त माणसांना देश सोडावा लागला असता. तो फेटाळला गेला, पण ४६ टक्के मतं त्याच्या बाजूने पडली. मत देणारे सगळे पुरुष होते. स्विस बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला तो त्यानंतर आठ महिन्यांनी, फेब्रुवारी १९७१ मध्ये. म्हणजे नोन्ना कपाटात होत्या तेव्हा वरच्या मजल्यावरच्या स्विस बाईलाही त्याबद्दल मत नव्हतं.

मी हे वाचत होते आणि मला आठवत होती आमची केजची शाळा. दसरा-दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रकमध्ये भांडीकुंडी टाकून कारखान्यांकडे ऊसतोडीला निघायची. काही पोरं सोबत जायची, काही आजीपाशी राहायची. माझ्या बाकावरची मैत्रीण आजीपाशी राहायची. दर वर्षी ट्रक निघताना ती रडायची नाही, घरामागे जाऊन बसायची. तिचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. तिच्या आईलाही कुठल्या कायद्यानं पोर मागे ठेवायला सांगितलं नव्हतं. पण मी माझी मुलगी मागे ठेवली आणि तिनं तिची, या दोन गोष्टी एकसारख्या आहेत असं म्हणायची माझी हिंमत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीसाठी बीचचं बुकिंग केलं नाही. नवऱ्याला म्हटलं, मला मात्मार्कला जायचंय. झुरिकहून दोन तास रेल्वे, फिस्पला उतरायचं, मग पिवळ्या पोस्टबसनं सास खोऱ्यात वर वर. मात्मार्कचं धरण काँक्रीटचं नाही, माती आणि दगडांचं आहे, १२० मीटर उंच. वर निळाशार तलाव. लोक कुत्री घेऊन तलावाला फेरी मारतात. लेकीनं पाण्यात दगड मारायचा उद्योग सुरू केला.

३० ऑगस्ट १९६५ च्या संध्याकाळी इथे अल्लालिन हिमनदीचा पुढचा भाग तुटून खाली आला, सुमारे वीस लाख घनमीटर बर्फ. कामगारांच्या बराकी, कँटीन आणि कार्यशाळा नेमक्या हिमनदीच्या खालीच उभारल्या होत्या. ८८ माणसं मेली. त्यांतली ५६ इटालियन, २३ स्विस, बाकी इतर देशांची. खटला चालला. १९७२ मध्ये सगळ्या १७ आरोपींची निर्दोष सुटका झाली, आणि मृतांच्या नातेवाइकांनी केलेल्या अपिलाचा निम्मा खर्च त्याच नातेवाइकांवर टाकण्यात आला.

स्मारकापाशी नावं वाचत उभी होते तेव्हा लेकीनं विचारलं, "आई, ही सगळी कोणाची नावं?"

"धरण बांधणारे बाबा लोक."

"त्यांची बाळं कुठे होती?"

मी म्हटलं, "आजीकडे."

तिनं मान डोलावली. आजीकडे म्हणजे काय, ते तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रिगहून सिम्प्लॉनच्या बोगद्यातून डोमोडोसोलाला गेलो. बोगदा १९०६ साली सुरू झालेला, जवळपास वीस किलोमीटर लांब. अंधारातून बाहेर पडलं की इटली. नोन्नांना त्यांच्या आईनं याच गाडीनं नेलं होतं. शेजारच्या कुणीतरी परकीयांच्या पोलिसांना कळवलं होतं आणि मुलीला देशाबाहेर न्या असं पत्र आलं होतं. गाव फार लांब पडत होतं, म्हणून आईनं तिला सीमेलगत डोमोडोसोलात मुलांच्या एका वसतिगृहात ठेवलं, रविवारी भेटायला जाता येईल या हिशेबानं. पुढे वडिलांना वर्षाचा परवाना मिळाला, आणि आठव्या वर्षी त्या कायद्यानं झुरिकला परतल्या. शाळेत पहिले कित्येक महिने त्या बोललीच नाहीत असं शिक्षिकेनं लिहून ठेवलं होतं. "गंमत बघ," त्या मला म्हणाल्या होत्या, "तिथे सगळे म्हणायचे, किती गुणी मुलगी, आवाजच नाही."

शनिवार होता. डोमोडोसोलात बाजार भरला होता. चीज, बूट, टोमॅटोची रोपं. वसतिगृह मी शोधलं नाही. लेकीनं पिस्त्याचं आइसक्रीम खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. सीमेवर आमचे पासपोर्ट कुणी पाहिले नाहीत. गाडीत ती माझ्या मांडीवर झोपली. सात महिन्यांनंतर मी तिला आणायला केजला गेले होते तेव्हा ती आईच्या पदरामागे लपली होती. आई म्हणाली होती, "अगं, आई हाय तुझी, जा की." ती गेली नाही. दोन दिवस लागले.

१ जून २००२ रोजी युरोपीय संघाबरोबरचा मुक्त संचाराचा करार लागू झाला आणि हंगामी परवाना संपला. पण परवान्यांची अक्षरं अजून आहेत. संघाबाहेरच्या माणसाला कुटुंब आणायचं तर अजूनही घर दाखवावं लागतं, पगार दाखवावा लागतो, मुदत पाळावी लागते. मूल बारा वर्षांच्या वरचं असेल तर ही मुदत एकाच वर्षाची. युद्धातून पळून आलेल्या काहींना त्याहून मोठी वाट पाहावी लागते. माझ्या नवऱ्याच्या कंपनीनं आमचे कागद भरले आणि सही कुठे करायची तेवढं दाखवलं. आमच्यासाठी दार उघडंच होतं. तरी मी दारातून एकटीच आत आले होते.

नोन्नांना मी विचारलं, "तुमच्या आईवर कधी राग आला?"

"खूप वर्षं. मग मला मुलगा झाला." एवढंच म्हणाल्या आणि मशीनमधले कपडे काढू लागल्या.

गेल्या महिन्यात आमच्या पत्रपेटीत एक टाइप केलेली चिठ्ठी आली, बिननावाची: तुमच्या घरातून वारंवार आवाज येतो. नोन्नांची नव्हती, त्या बिननावाचं काही करत नाहीत. आम्ही दुकानात जाऊन जाडजूड गालिचा आणला आणि बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरला. लेकीला दम दिला, आता हळू चालायचं, टाचा टेकवायच्या नाहीत. शहाणी झाली आहे, ऐकते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. नोन्ना दारात होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत.

"मूल आजारी आहे का? कालपासून काहीच ऐकू येत नाही."

मी लेकीला हाक मारली. ती आतून आली, चवड्यांवर, हळूच. नोन्नांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग गालिच्याकडे, मग माझ्याकडे.

गालिचा आता गुंडाळून कपाटामागे उभा ठेवला आहे.