संजीवनीचा हिशेब

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंजी (मोठी) हे गाव आहे. तेथील एखाद्या तरुणास प्रो कबड्डी लीगमधला आपला संघ कोणता असे विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी त्याला थोडे थांबावे लागेल. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राच्या संघाहून निराळा उतरतो, ही गोष्ट कबड्डीप्रेमी वाचकांस ठाऊक आहेच. परंतु २०१४ साली ही व्यावसायिक लीग निघाली तेव्हा तीत महाराष्ट्राच्या वाट्यास दोनच संघ आले, पुण्याची पुणेरी पलटण आणि मुंबईचा यू मुंबा. पुढे संघांची संख्या आठावरून बारा झाली, तरी नागपूर-अमरावतीकडे कोणाची दृष्टी वळली नाही. तेव्हा आंजीच्या माणसाने पलटणीची बाजू घ्यावयाची ती गावकीच्या नात्याने नव्हे, तर खेळ पाहून, गुणदोष तोलून. आणि ही तटस्थता, आमच्या मते, संघाची परीक्षा करणारास शापापेक्षा वरच अधिक आहे.

अशा परीक्षेची आवड अलीकडे फॅन्टसी नावाच्या खेळाने घरोघरी पोचविली. ज्यांस तो अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सामन्यापूर्वी दोन्ही संघांतील गड्यांमधून आपल्या पसंतीचे सात निवडावयाचे. हा झाला आपला मनोराज्यातला संघ. मग मैदानावर ते गडी जे गुण मिळवितील ते आपल्या खात्यावर जमा. त्यांतील एकास नायक नेमले की त्याचे गुण दुप्पट, उपनायकाचे दीडपट. या करमणुकीचा जन्म अमेरिकेतला. १९६२ साली ओकलंड येथील फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक आणि त्यांच्या मित्रांनी संघाच्या दौऱ्यात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून तिचे पहिले नियम बांधले. त्या संघाचे नाव ओकलंड रेडर्स! कबड्डीत चढाई करणारास इंग्रजीतून हेच नाव मिळाले आहे, हा योगायोग गमतीचा खरा. त्यावर कोणी सिद्धान्त उभारू नये, एवढेच. आपल्याकडे मुंबईच्या ड्रीम इलेव्हन या कंपनीने २००८ पासून या खेळाचा पसारा मांडला. प्रथम क्रिकेट, आणि मागाहून कबड्डीही त्यात आली.

चढाईचा अंदाज बांधू पाहणारा बहुधा असा विचार करतो: गेल्या हंगामात कोणी किती गुण आणले ते पाहावे, सर्वांत मोठा आकडा ज्याच्या नावापुढे असेल त्यास नायक करावे, आणि स्वस्थ बसावे. हा हिशेब फार सोपा आहे, आणि पुणेरी पलटणीच्या बाबतीत तो बहुतेक वेळा फसतो. का फसतो हे समजण्यास कबड्डीच्या नियमांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

हुतुतू हा आपल्या लहानपणीचा शब्द. बंगालात तोच खेळ हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडु. गावागणिक मैदान निराळे, गड्यांची संख्या निराळी, बाद झालेल्याचे काय करावयाचे हा तंटाही निराळा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व्यायामप्रेमी मंडळींनी या पसाऱ्यास शिस्त लावण्याचे मनावर घेतले. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम बांधून सामने भरविले. आंजीहून पश्चिमेकडे जाऊन वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकप्रसंगी इतर देशी खेळांबरोबर कबड्डीचेही प्रात्यक्षिक जगापुढे केले. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत या खेळास स्थान मिळाले, १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि १९५२ साली मद्रासला पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद खेळले गेले. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी पुढे या खेळासाठी जे आयुष्य वेचले त्याची आठवण म्हणून १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु आमच्या विषयास खरे महत्त्वाचे आहे ते यातील एकच प्रकरण, आणि ते म्हणजे बाद झालेल्या गड्याचे. त्याची तीन उत्तरे परंपरेने चालत आली होती. अमर या प्रकारात कोणीच बाहेर बसत नाही. गडी मारला गेला की प्रतिपक्षास गुण मिळतो आणि तो गडी तेथेच खेळत राहतो. गामिनी या प्रकारात मारलेला गडी बाहेर जातो तो साराच संघ संपेपर्यंत परत येत नाही. सर्व गडी संपले की लोण चढतो आणि डाव नव्याने सुरू होतो. गामिनीत घड्याळाचा धाक नव्हता. एकटा उरलेला गडी सातांच्या तोंडी पुनःपुन्हा चढाई करीत आहे, अंधार पडत चालला आहे, आणि निकाल कोठेच दिसत नाही, असे तिचे रूप असे. तिसरा प्रकार संजीवनी. यात आपला गडी बाद झाला तर तो बाहेर जातो. पण आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक गडी पुन्हा जिवंत होऊन आत येतो. शुक्राचार्यांच्या विद्येचे नाव त्याला कोणी दिले असेल त्याच्या कल्पकतेस आम्ही दाद देतो. संघटित कबड्डीने हाच प्रकार स्वीकारला, आणि आजच्या लीगचे सर्व सामने याच नियमाने होतात.

संजीवनीचे तीन पोटनियम फॅन्टसी खेळणारांच्या सहसा ध्यानात येत नाहीत. पहिला असा की, जिवंत होण्याचा क्रम बाद होण्याच्या क्रमाने लागतो. जो आधी बाहेर गेला तो आधी परत येतो. दुसरा असा की, बोनस रेषा ओलांडून मिळविलेल्या गुणाने कोणीही जिवंत होत नाही. गुणफलकावर आकडा चढतो, बाकावरचा गडी बाकावरच राहतो. तिसरा असा की, तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड केली तर गुण दोन मिळतात, पण जिवंत होतो एकच.

आता फॅन्टसीचा हिशेब या शेजारी ठेवून पाहा. तो हिशेब गड्यागणिक चालतो. जो हात लावील त्याला गुण, जो पकडील त्याला गुण. कोणामुळे कोण परत आला याची नोंद त्यात कोठेच नाही. म्हणजे मैदानावर खेळ चालतो संजीवनीचा, आणि वहीत हिशेब लिहिला जातो अमर पद्धतीने! सारा घोळ येथे आहे. चढाई करणारा कितीही बलाढ्य असो, तो बाकावर बसला असता त्याच्या खात्यावर एक कवडी जमा होत नाही. चाळीस मिनिटांच्या सामन्यात तो बाकावर किती वेळ बसेल हे त्याच्या हाती नसून, त्याच्या मागे राहिलेल्या कोपऱ्यांच्या आणि मध्यरक्षकांच्या हाती असते. चढाईची परीक्षा करावयाची तर पकडीपासून आरंभ करावा, हे विधान उलटे वाटेल. पण संजीवनीचा अर्थच तो आहे.

याला मोठा अपवाद आहे, तो आधी सांगणे न्याय्य होईल. २०१७ साली पाटणा पायरेट्सच्या प्रदीप नरवालने एका हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले. एका सामन्यात तर एकट्याने ३४. त्या वर्षी पाटण्याने सलग तिसरे अजिंक्यपद जिंकले. हा मनुष्य पकडला जाण्यापूर्वीच तिघा-चौघांना घेऊन परत येत असे. म्हणजे आपल्या सोबत्यांना तोच जिवंत करी, आणि त्याला जिवंत करण्याची पाळी क्वचित येई. अशा संघात वही पाहून नायक नेमावा, चूक होणार नाही. पण प्रदीप वर्षाकाठी निपजत नाहीत.

पुणेरी पलटणीचा आक्रमणपक्ष याच्या अगदी उलट घडणीचा आहे. बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे, हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिले अजिंक्यपद मिळविले. त्या हंगामात चढाईच्या गुणांची यादी पाहिली तर अग्रभागी पलटणीचा एकही गडी नव्हता. कर्णधार अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत आणि आकाश शिंदे अशा चौघांत चढाईचे ओझे वाटलेले होते. एक बाद झाला तर दुसरा तयार, दुसरा बसला तर तिसरा. अंतिम सामन्यात पंकजने एकाच चढाईत अनेक गडी टिपून प्रतिपक्षाची फळी मोडली. त्या दिवशी तो नसता तर दुसऱ्या कोणी ते केले असते, असे म्हणण्याइतका विश्वास त्या संघाने कमावला होता. अस्लमला हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरविले गेले ते केवळ चढाईसाठी नव्हे. तोही आणि मोहितही पकडीत हात घालणारे गडी, आणि म्हणून त्यांचे जमाखाते दोन्ही बाजूंनी भरे.

आणि पाठीमागे कोण होते? इराणचा मोहम्मदरझा शादलुई, त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट पकडपटू. पलटणीने त्याच्यासाठी लिलावात २ कोटी ३५ लाख रुपये मोजले तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या होत्या. परदेशच्या गड्यावर, आणि तोही चढाई करणारा नव्हे, एवढा खर्च! वस्तुतः ती रक्कम चढाईवरच खर्च झाली होती, असे आम्ही म्हणू. शादलुईने केलेल्या प्रत्येक पकडीगणिक पलटणीचा एक गडी बाकावरून उठत होता, आणि तो उठणारा पुष्कळदा अस्लम किंवा मोहित असे.

पुढल्या हंगामात याचा ताळा पाहावयास मिळाला. शादलुई हरियाणाकडे गेला. पलटणीस बाद फेरीही गाठता आली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणाने पाटण्यास ३२-२३ असे हरवून अजिंक्यपद नेले, आणि तेही पुण्यात, पलटणीच्या अंगणात! अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाच्या मध्यावर बाहेर पडला हे दुसरे कारण येथे नमूद केलेच पाहिजे. एका पकडपटूच्या जाण्यावर सारे खापर फोडणे इतिहासलेखनास शोभणार नाही. परंतु ज्यांनी आदल्या वर्षीचे चढाईचे आकडे पाहून पलटणीचे दोन-दोन गडी आपल्या सातांत घेतले होते, त्यांच्या भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तो काही केवळ गुडघ्यामुळे नव्हे.

यात केवळ करमणूक गुंतली असती तर आम्ही इतके खोलात शिरलो नसतो. पण कित्येक वर्षे हा खेळ पैसे लावून चालत होता. न्यायालयांनी त्यास कौशल्याचा खेळ ठरविले, आणि त्या निर्णयांच्या आधारे तो मध्यमवर्गीय घरांतील मुलांच्या हाती निर्वेधपणे आला. कौशल्य त्यात आहे, हे वरील विवेचनावरून दिसेलच. मात्र ते कौशल्य शंभरांतील किती मुलांपाशी होते, आणि उरलेल्यांच्या खिशातून कोणाच्या खिशात पैसा जात होता, हा प्रश्न कौशल्याच्या व्याख्येने मिटत नाही. जो आकडे पाहून पैसे लावी त्याला वाटे की आपण कबड्डी जाणतो. तो जाणत असे ते अमर कबड्डी, आणि ती तर मैदानावर कोणी खेळतच नव्हते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, आणि ड्रीम इलेव्हनने आपल्या सशुल्क स्पर्धा थांबविल्या. त्यानंतर आठवड्याभरातच, २९ ऑगस्टला, विशाखापट्टणम येथे लीगचा बारावा हंगाम सुरू झाला.

तो हंगाम पलटणीच्या घडणीचा नवा पुरावा ठरला. नवे मार्गदर्शक अजय ठाकूर स्वतः नामांकित चढाईपटू; तथापि त्यांनीही एकखांबी तंबू उभारला नाही. अस्लम बरा होऊन परतला, पंकज होताच, आणि आदित्य शिंदे हा तरुण गडी पुढे आला. मागे गौरव खत्री आणि विशाल भारद्वाज यांनी कोपरे सांभाळले. साखळीत संघ अग्रस्थानी राहिला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीस झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीपुढे २८-३१ असा अवघ्या तीन गुणांनी उणा पडला.

आता बिनपैशाने, घरच्या घरी, कागदावर सात नावे मांडणारास आमचे सांगणे इतकेच आहे. पलटणीतून एकच चढाईपटू घ्यावयाचा असेल तर पकडीतही गुण मिळविणारा घ्यावा, म्हणजे तो आपल्या सोबत्यांस दोन्ही मार्गांनी उठवील. दोन घ्यावयाचे असतील तर त्यांतला एक सोडून त्याजागी कोपऱ्याचा गडी घ्यावा. बोनसवर जगणाऱ्या चढाईपटूस नायक करण्यापूर्वी समोरच्या संघाचे सहाहून कमी गडी मैदानावर राहण्याचा संभव किती आहे ते पाहावे, कारण सहा नसतील तर बोनसच नाही. लिलावानंतर नवी यादी हाती आली की चढाईची नावे वाचण्यापूर्वी कोपरे कोणाकडे गेले ते प्रथम वाचावे. आणि सामना चालू असता गुणफलकाबरोबर बाकाकडेही लक्ष ठेवून कोण कितवा बाद झाला याची एक ओळ लिहीत जावी. दोन-तीन सामन्यांत त्या ओळीवरूनच पुढली चढाई कोणाची, ते बहुधा सांगता येऊ लागते.