दुपटीचा दंड

इंग्रजीतील डबल, ट्रिपल, क्वाड्रूपल या शब्दांची ओळख आपणांस शाळेतल्या अंकगणितात होते. परंतु त्यांच्या घराण्याचा माग काढीत प्राचीन रोमपर्यंत गेल्यास हे शब्द गणित्याच्या पाटीपेक्षा न्यायाधिकाऱ्याच्या निवाड्यात आणि सावकाराच्या खतात अधिक ठळकपणे आढळतात. लॅटिनमध्ये ‘दुप्लुस’ म्हणजे दुप्पट, ‘त्रिप्लुस’ तिप्पट आणि ‘क्वाद्रुप्लुस’ चौपट. घडी घालणे या अर्थाच्या ‘प्लिकारे’ क्रियापदाशी नाते सांगणारे ‘दुप्लेक्स’ आणि ‘मुल्तिप्लिकारे’ हे त्यांचे सगोत्र होत, आणि यांतील शेवटच्याचाच पुढे इंग्रजी ‘मल्टिप्लाय’ झाला.

रोमन पूर्वजांच्या कायद्यात चोरास दुप्पट, पण बेकायदा व्याज घेणाऱ्यास चौपट दंड असे, ही गोष्ट रोमन मुत्सद्दी व लेखक कातो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या आरंभीच मुद्दाम नमूद केली आहे. मुद्देमालासह सापडलेल्या स्वतंत्र नागरिकास इ. स. पूर्व 450च्या सुमाराच्या ‘द्वादश फलक’ या रोमच्या लेखी कायद्यानुसार फटके मारून फिर्यादीच्या स्वाधीन करीत. पुढे प्रेटर या न्यायाधिकाऱ्याने ही कठोर शिक्षा बदलून मालाच्या किमतीची चौपट वसूल करण्याचा दंडक घातला, आणि मागाहून उघडकीस आलेल्या चोरीस मात्र दुप्पटच कायम राहिली. परक्यांवर फिर्यादी गुदरून दंडातील वाटा लाटणाऱ्या लोकांना तर ‘क्वाद्रुप्लातोर’ असे हेटाळणीचे नावच पडले होते.

1066 साली नॉर्मन इंग्लंडात आले, राजदरबार व कचेऱ्या यांतून लॅटिनचीच लेक असलेली फ्रेंच रूढ झाली, आणि तिच्यामार्फत ‘डबल’ इंग्रजीत शिरला. इंग्रजीचे स्वतःचे ‘टूफोल्ड’, ‘थ्रीफोल्ड’ हे शब्द घडीच्याच कल्पनेवर बेतलेले असूनही बाजारातल्या व्यवहारात ते मागे पडले.

दंडाप्रमाणे व्याजातही दुपटीचा हिशेब होताच: थकलेले व्याज मुद्दलाइतके झाले की पुढे चढू नये, हाही रोमन कायद्याचा दंडक होता. आपल्याकडे मनुस्मृतीत आढळणारी ‘दामदुप्पट’ हीच मर्यादा घालते, आणि इंग्रजी अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयानेही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ती मान्य केली. हाव कोठे थांबवावी हे ठरविताना दोन्ही समाजांनी दुपटीचीच रेघ ओढावी, यात त्या शब्दाचे खरे महत्त्व आहे. दक्षिण आफ्रिकेची न्यायालये ‘इन दुप्लुम’ या लॅटिन नावानेच व्याजाच्या मर्यादेचा तो रोमन नियम आजही लागू करतात.