खाडीपलीकडचे आपले शहर

नाताळची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की भाईंदर-उत्तन परिसरातील आपल्या घरांत सहलीचे बेत आखले जातात. पहिले नाव निघते ते जुन्या गोव्याचे. ज्यांची मुले परदेशी स्थिरावली आहेत, त्यांच्या बोलण्यात लिस्बन आणि फातिमाही येते. या बेतांना आमचा आक्षेप नाही. परंतु गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेसमोर उभे राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते, की १५९४ ते १६०५ या काळात उभ्या राहिलेल्या त्या वास्तूच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून नेलेला आहे? ज्या शहराने गोव्याला दगड पुरविला, ते शहर आपल्या खाडीच्या पलीकडच्या तीरावर आहे.

चौकच्या टेकडीवरून, म्हणजे जुन्या धारावी किल्ल्याच्या जागेवरून, वसईची तटबंदी समोर दिसते. भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावरून २०२४ मध्ये रो-रो बोट सुरू झाली आणि रस्त्याने लागणारा मोठा वळसा वाचला. म्हणून आमची सूचना अशी, की पावसाळा सरल्यावर, शेवाळ सुकल्यावर, एक दिवस या शहरासाठी राखून ठेवावा. सकाळची मिस्सा आटोपून निघावे, पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना व मुलांना एकत्र न्यावे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे हे शहर त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी बनले. गोव्याखालोखाल मान असलेल्या या नगरीला ‘उत्तरेचा दरबार’ म्हणत. दर्या दरवाजातून आत शिरावे. संत सेबास्टियनचा बालेकिल्ला पाहावा आणि मग संत जोसेफच्या मुख्य चर्चकडे वळावे. आर्चबिशप आलेशो दि मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, १६०१ मध्ये, या चर्चची पुनर्बांधणी झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. त्यानंतर डॉमिनिकनांचा मठ, जेझुइटांचे येशूच्या पवित्र नामाचे चर्च व त्याला लागून असलेले विद्यालय, आणि शेवटी फ्रान्सिस्कनांचे चर्च. या शेवटच्या चर्चच्या जमिनीत कोरीव थडगी आहेत. त्यांवर उमरावांची नावे आणि कुलचिन्हे आहेत.

येथे थोडे थांबावे. ही नावे आपल्या पूर्वजांची नाहीत. तटाच्या आत सरदार, व्यापारी आणि मठवासी यांची वस्ती होती. आपले बहुतेक पूर्वज बाहेर शेत कसत होते, मिठागरांत राबत होते, होड्या हाकत होते. दगड फोडणारे आणि चुना मळणारे हात लिस्बनहून आले नव्हते, परंतु त्यांपैकी एकाचेही नाव कोठे कोरलेले नाही. या राजवटीने आपल्या भूमीत श्रद्धेचे बी पेरले हे खरे. १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची सावली याच प्रांतावर पडली होती, हेही तितकेच खरे. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. अर्धा इतिहास सांगणे हा मुलांवर अन्याय होय.

मात्र याच शहराने आपल्याला एक नाव दिले आहे, आणि ते कोणत्याही सरदाराचे नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. जेझुइटांच्या सहवासात वाढून ते जपानला गेले, काही काळ व्यापारात रमले आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. जेझुइट चर्चच्या उघड्या छताखाली उभे राहून त्यांची आठवण केली, तर आपली ही सहल तीर्थयात्रा होईल.

शहराचा शेवटही आपल्याच बाजूने सुरू झाला. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी धारावी मार्च १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आली आणि समुद्रमार्गे वसईला येणारी मदत अडली. मे महिन्यात, अटीतटीच्या वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यांचे स्मारक किल्ल्यात आहे. तेथेही आदराने थांबावे. तहाच्या अटींनुसार पोर्तुगीज सैन्य मानाने बाहेर पडले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर आणि मेणवली येथे त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर पवित्र मातेची प्रतिमा आहे. ज्या घंटेने एकेकाळी मिस्सेला बोलावले, तिने पुढे आरतीला बोलावले.

राज्यकर्ते गेले, आपले पूर्वज राहिले. आश्रयदाता नाही, तोफांचे संरक्षण नाही, मठ ओस पडलेले, आणि तरीही गावोगावच्या क्रुसांपुढे मेणबत्त्या लागत राहिल्या. डोंगरीचे बेथलेहेम मातेचे चर्च १६१३ सालचे. वसईचे तट ढासळले, परंतु त्या चर्चमध्ये प्रार्थना चालू आहे. आपली आडनावे ऐकून कोणी विचारते, ‘तुम्ही पोर्तुगीज का?’ तेव्हा आपण गोंधळतो. याचे उत्तर वसईत सापडते. आपण त्या तटाच्या आत राहणाऱ्यांचे वारस नाही. तट पडल्यावरही येथेच राहून श्रद्धा आणि मराठी बोली जपणाऱ्यांचे वारस आहोत.

सायंकाळच्या बोटीने परतावे. जमले तर दिवस मावळण्यापूर्वी चौकला यावे आणि खाडीपलीकडे एकवार पाहावे. ज्यांची नावे कोणत्याही थडग्यावर नाहीत, त्यांच्यासाठी एक ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणावे. गोवा आणि लिस्बन पुढच्या सुट्टीतही असतील. आजी-आजोबांच्या आठवणी मात्र तोपर्यंत थांबतीलच असे नाही.